बापूला, सोमवारच्या मुलाखतीआधी

नऱ्हे, पुणे
गुरुवार, रात्री साडेदहा

प्रिय बापू,

तुझा फोन ठेवला आणि ताटावर बसलो, पण घास उतरेना. ‘मला कसला अनुभव रे, मी आपला वडाप मारणारा, जीपमध्ये सीटं भरून सोडणारा,’ असं म्हणालास ना, ते काही डोक्यातून जाईना. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. पोरं झोपलीत, बाहेर पाऊस लागलाय. सोमवारी पार्सल पोचवायच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तुझी मुलाखत आहे, त्याआधी हे पत्र दोनदा वाच.

चौदा वर्षं तू कराड-पाटण रस्त्यावर जीप चालवलीस. सीटं भरलीस, एवढंच तुझ्या लक्षात आहे. मला काय आठवतं ते सांगतो. मल्हारपेठेच्या मेडिकलवाल्यानं तुझ्याकडे गोळ्यांची पुडी द्यायची आणि सांगायचं, ‘नवारस्त्याला म्हातारी उभी असेल, साठ रुपये घे.’ कराडातून कुणाच्या पंपाचा सील, कुणाचे शिवलेले ब्लाउज, वसतिगृहातल्या पोराचा डबा. कधी दहा नग, कधी वीस. कुणाचं काय, कुठं द्यायचं, पैसे आलेत की घ्यायचेत, हे सगळं कागदाचा चिठोराही न करता तुझ्या डोक्यात असायचं. संध्याकाळी मेडिकलवाल्याचे साठ रुपये त्याच्या गल्ल्यात पोचायचे. बापू, मी इथं पाच वर्षं हेच काम करतोय. फरक एवढाच की माझ्या हातात स्कॅनर आहे आणि पार्सलावर पत्ता छापलेला असतो. पैसे घेऊन माल द्यायचा, त्याला आम्ही सीओडी म्हणतो. तू ते आधीपासून करत आलायस.

तेव्हा ‘आधी काय करत होता?’ असं विचारलं की मान खाली घालून ‘वडाप’ म्हणून गप्प बसू नकोस. मेडिकलवाल्याची गोष्ट सांग, जशी मला सांगायचास तशी. समोरच्याला गाडी चालवणारे पुष्कळ मिळतात. लोकांचा माल आणि लोकांची रोकड ज्याच्या हातात बिनघोर द्यावी असा माणूस त्याला हवा असतो.

आता लायसन्सचं. बॅजची, म्हणजे लायसन्सवरच्या धंद्याची गाडी चालवायच्या नोंदीची, मुदत गेल्याची तू धास्ती घेतलीस. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिलाय: हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती काय, त्याहून मोठा टेम्पोही त्यात बसतो. तुझ्या एलएमव्हीची तारीख शाबूत आहे ना, ते आधी कार्डावर बघ. तरीही काही ठिकाणी ती नोंद मागतातच, आणि वर्ष उलटून गेलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात ऑनलाइन टाक आणि पावती सोबत आण. डॉक्टरचा दाखला लागेल. डोळे त्यात तपासून होतील, ते बरंच आहे, कारण रात्री समोरच्या गाडीचा लाइट अंगावर येतो म्हणत होतास.

बाकी कागद म्हणजे आधार, पॅन, पासबुक, चार फोटो. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला निवड झाल्यावर मागतात, पण त्याला दिवस लागतात. अर्ज आत्ताच करून ठेव.

पार्सलांचा ढीग समोर ठेवून ‘लाव बघू’ असंही म्हणतात. माझ्या वेळी म्हणाले होते. तेव्हा गोंधळू नकोस, पिन कोडकडे बघ. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिल्या तिनांवरून टपाल खात्याचा वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. आपल्या पाटणचा ४१५ नं सुरू होतो, पुण्याचा ४११ नं. ही पद्धत बसवणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. एकाच नावाची गावं देशभर असल्यामुळं पत्रं भलतीकडे जायची. आपल्या तालुक्यात एका नावाच्या किती वाड्या आहेत ते तुला सांगायला नको. तुलाही ‘कुठली वाडी?’ असं विचारूनच माणूस गाडीत घ्यावा लागायचा.

पिन लावून झाला की रूटप्रमाणे लावायचं. जे शेवटी द्यायचं ते आधी आत, जे पहिलं द्यायचं ते दाराशी. जड खाली, काचेचं वर. हे बोलून दाखव, हातानं करत करत बोल. आणि एक शब्द लक्षात ठेव, नाहीतर फसशील. तिथं कुणी ‘आरटीओ किती निघाले?’ असं विचारलं तर ते परिवहन कार्यालयाबद्दल नसतं. गिऱ्हाइकानं नाकारलेला किंवा न सापडल्यामुळं पाठवणाऱ्याकडे परत जाणारा माल म्हणजे आरटीओ.

गाडीची टेस्ट नक्की घेतील. बसल्याबसल्या चावी फिरवू नकोस. आधी खाली उतरून फेरी मार: टायर, ऑइल, कूलंट, लाइट, मागच्या दाराची कडी. मग आरसे लावून घे, पट्टा बांध, मोबाइल खिशात. गोदामाच्या दाराला गाडी रिव्हर्समध्ये लावायला सांगतात. जीपला मागं काच होती, मान वळवली की दिसायचं. इथं मागं बंद पेटी असते, सगळं आरशावर. शंका आली तर गाडी थांबवून खाली उतर आणि बघून ये. त्यात कमीपणा नाही. तपासणारे उलट त्याचे मार्क देतात, हे मी शेजारी उभं राहून बघितलंय.

तुला उतारावर नेलं तर मला काळजी नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला जड गाड्यांचे ड्रायव्हर न्यूट्रल करून सोडतात, इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन पुलापाशी लागत नाहीत. तिथं किती घरं उघडी पडली, बापू. रोज सकाळी मी त्या पुलाखालून जातो आणि रोज वर बघतो. तू चिपळूणची भाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरायचास तेव्हा दुसऱ्या गिअरला टाकून जीप कण्हत कण्हत खाली यायची आणि मागची पोरं ओरडायची, ‘बापू, पळीव की!’ तू नाही पळवलीस. ‘उतारावर काय करता?’ असं विचारलं की हेच सांग.

आता जे कुणाला सांगत नाही ते तुला सांगतो. पहिल्या वर्षी, आधीच्या ठिकाणी होतो तेव्हा, अशाच पावसात शेवटची सहा पार्सलं उरली होती. रात्रीचे आठ वाजलेले, अंग भिजून गार पडलेलं. मी एका पार्सलावर ‘ग्राहक घरी नाही’ असा शेरा टाकला आणि घरी गेलो. फोन केला नाही, जिना चढलो नाही. आमच्यात याला फेक रिमार्क म्हणतात, आणि पुष्कळ पोरं टाकतात. दुसऱ्या दिवशी तेच पार्सल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार एका आजीनं उघडलं, गुडघ्याचा पट्टा मागवला होता. रागावल्या नाहीत. ‘काल दार उघडं ठेवूनच बसले होते रे, म्हटलं बेल ऐकू आली नाही तर,’ एवढंच म्हणाल्या आणि मला पाणी दिलं. ते पाणी मी प्यालो, पण खाली येऊन गाडीत किती तरी वेळ बसून राहिलो.

इथल्या मुलाखतीत मला विचारलं होतं, ‘कधी फेक रिमार्क टाकलाय?’ नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण आजी आठवल्या आणि होय म्हणालो, सगळं सांगितलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आठ दिवस फोन नव्हता, मी आशा सोडली होती. नवव्या दिवशी आला. का घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुला ओगलेवाडीजवळचा तो खांब घासल्याचं विचारतील, कारण ‘अपघात झालाय का?’ हा प्रश्न सगळ्यांना असतो. झाला म्हण. कसा झाला, भरपाई कशी दिलीस, त्यानंतर काय बदललंस, ते सांग. लपवू नकोस.

‘गिऱ्हाईक फोन उचलत नाही, मग?’ असंही विचारतात. थोड्या वेळानं पुन्हा फोन करतो, वॉचमनला विचारतो, तरी नाही तर खरा शेरा टाकतो, असं सांग. ओटीपी घेतल्याशिवाय माल हातात देत नाही, आणि सांगितल्याशिवाय शेजारी ठेवत नाही, हेही सांग.

शेवटी ते म्हणतील, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा ‘नाही साहेब’ म्हणून उठू नकोस, हात जोडून सांगतो. पगार ठरलेला की पार्सलमागे? कामाला ठेवणार ते कंपनी की ठेकेदार? डिझेल कुणाचं? माल हरवला तर कुणाच्या पगारातून? पीएफ आहे का? असेल तर तुझे १२ टक्के कापतील आणि तेवढेच त्यांनीही घालायचे असतात. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू आहे का ते विचार. तुझे पाऊण टक्का जातात, पण वहिनी आणि पोरांच्या दवाखान्याचं बघितलं जातं. आबांच्या ऑपरेशनला सावकाराकडे जावं लागलं होतं, ते मी विसरलेलो नाही. पार्सलमागे पैसे देत असतील तर हो म्हणायच्या आधी मला फोन कर, आपण पावसाळ्याचे आणि बंदचे दिवस धरून हिशोब मांडू.

कपडे साधे चालतील, पण बूट घालून ये. चप्पल घातलेल्याला गाडीवर चढू देत नाहीत.

रविवारी दुपारीच एसटी धर, रात्रीची नको. कात्रजला उतरून फोन कर, मी चौकात उभा असेन. वहिनींना सांग, भाकरी बांधून देऊ नका, हिनं आताच मटणाचा बेत ठरवलाय. जेवण झालं की माझी गाडी काढू. आमच्या गल्लीत दहानंतर कुणी नसतं, तिथं आरशावर मागं घ्यायचा सराव करून घे. मी खाली उभा राहून हात दाखवीन.

तुझाच,
दिन्या