तीरकमठ्याचा कोरडा सीझन आणि 'शिकार उघडा'ची मागणी

संपादक महोदय,

रानटी जनावरं बागायतीची वाट लावतात म्हणून शिकारीवरची बंदी उठवा, अमेरिकेत चालते मग गोव्यात का नको, असं अधूनमधून पेपरात आणि त्याहून जास्त आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर वाचायला मिळतं. मी मूळचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, नोकरीसाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो, आणि तिथे रीतसर लायसन काढून तीरकमठ्याने हरणाची शिकार करतो, म्हणून म्हटलं आपणही दोन शब्द लिहू. यंदाचा माझा सीझन साफ कोरडा गेला, एकही हरीण मिळालं नाही.

तिकडे बाणाचा सीझन सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो तो जानेवारी उजाडेपर्यंत चालतो, हरणंही कमी नाहीत, ही व्हाइटटेल हरणं लोकांच्या परसात येऊन झाडं ओरबाडतात. पण बाणाने मिळणं वेगळं. कंपाउंड धनुष्य कितीही भारी घ्या, जनावर वीस-पंचवीस मीटरात यायला हवं, तेही आडवं उभं, म्हणजे बाण बरगड्यांतून थेट फुप्फुसात जातो. तोंड आपल्याकडे असेल तर सोडायचा नाही, कारण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झाडीत तडफडून मरतं. नोव्हेंबरात नर माजावर येतात, मादीच्या मागे येडे होऊन फिरतात, तोच खरा मोका. अशाच एका संध्याकाळी मचाणासमोर मादी आली, मागे झुडपात शिंगं हलली, मी दोरी ताणून धरली, दंड थरथरायला लागला तरी नर काही उघड्यावर येईना, आणि तेवढ्यात मानेला मागून गार वारा लागला, म्हणजे माझा वास थेट त्यांच्या नाकात. संपलं. मादीने मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, परत आपटला, मग नाकातून फुस्स करून मोठा आवाज, आणि पांढऱ्या शेपट्या वर करून दोघं गायब. बाकीच्या वेळी खारी बघितल्या, दुसरं काय.

सुट्टीत गावी आलो तर चुलतभाऊ म्हणतो, "एवढे पैसे घालून एक पाडस पण नाय? हांगा ये, एका रातीत दाखवतो." आता तो एका रातीत कसं दाखवणार ते सगळ्या गावाला माहीत आहे. डोक्याला टॉर्च, शेतराखणीच्या नावाने घेतलेली बंदूक (तीच, जी निवडणूक आली की पोलिस स्टेशनात जमा करावी लागते), नाहीतर क्लचच्या वायरीचा फास. फासाला नर काय, मादी काय, गाभण काय, सगळं सारखंच. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा अडकल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. आमच्या सत्तरीत म्हादई अभयारण्य 1999 सालीच झालं, पण वायर लावणारा काही हद्दीचा दगड शोधत बसत नाही.

शिकार आपल्याला नवी नाही हे मान्य, दक्षिण गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला कातळावर जनावरं कोरलीत ती हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनीच. पण अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या ना. विस्कॉन्सिनात माझ्यासारख्या 1973 नंतर जन्मलेल्याला आधी कोर्स करून पास व्हावं लागतं मग लायसन. बाणाच्या लायसनवर शिंगवाला नर एकच. मारला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे नोंद. रात्री लाईट मारून शिकार बंद. धनुष्य घेताना कर भरतो तो 1937 च्या एका कायद्यामुळे रानाच्या आणि जनावरांच्याच कामाला जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी इकडे कोणी बोलतच नाही, रानटी हरणाचं मांस विकता येत नाही. घरी खा, शेजाऱ्याला द्या, विकलं तर गुन्हा. आपल्याकडे रानडुकराचं मटण फोनवर किलोच्या भावाने ठरतं, सांबराचंही, आणि घेणारे चांगले शिकलेले लोक असतात. शिकारीवर बंदी घालणारा 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा असताना हे चालतं, मग बंदी उठल्यावर काय होईल?

शेतकऱ्याचं दुखणं मला कळतं, आमच्याच बागेत केळीची बनं डुकरांनी उकरून टाकलीत, भरपाईच्या फॉर्मसाठी ऑफिसच्या चकरा मारून वडील थकले. त्यांना भरपाई वेळेत मिळावी, सौर कुंपणाला मदत मिळावी, काजूच्या हंगामात वनखात्याने गावातली पोरं सोबत घेऊन बागांच्या कडेच्या वायरी काढाव्यात, हे मागा, मी पहिली सही करतो.

चुलतभाऊ माझ्या रिकाम्या फ्रीजरवर हसतो, हसू दे. पण ग्रूपवर 'शिकार उघडा' म्हणून मेसेज टाकणाऱ्यांनी एवढंच सांगावं की अख्खा सीझन बसून हात हलवत घरी यायची तुमची तयारी आहे का, आणि मटण विकणाऱ्याचं नाव पोलिसांना द्यायची?

एक वाचक, सत्तरी