नव्या घराच्या किल्ल्या

प्रिय मन्या,

नवीन घर ताब्यात आलं, अभिनंदन तर फोनवर केलंच, पण तुझा तो स्टेटस बघितल्यापासून काही गोष्टी डोक्यात घोळतायत आणि फोनवर त्या नीट सांगून होत नाहीत, म्हणून लिहायला बसलो. वहिनींच्या तळहातावर किल्ली आणि मागे नवं कोरं दार, फोटो खूप गोड आलाय, पण प्लीज तो आत्ताच्या आत्ता काढून टाक. किल्लीचा एकेक दात त्यात स्पष्ट दिसतोय रे. 2008 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका गच्चीवरून, साधारण 60 मीटर लांबून, खाली टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे फोटो काढले आणि नुसत्या त्या फोटोंवरून सॉफ्टवेअरने खाचांची मापं काढून दाखवली. तुझा फोटो तर वीतभर अंतरावरून काढलेला आहे.

हे जमतं कारण आपल्या बहुतेक कुलपांची रचना अजूनही 1860च्या दशकात लायनस येल या अमेरिकन कुलूपकाराने बसवली तीच आहे. आत स्प्रिंगवर छोट्या पिना असतात, किल्लीची प्रत्येक खाच आपापल्या पिनेला बरोब्बर ठरलेल्या उंचीवर नेते, सगळ्या पिना जागेवर आल्या की सिलिंडर, म्हणजे लॉकचा किल्ली घालायचा तो आतला भाग, फिरतो. म्हणजे किल्ली ही पाच-सहा आकड्यांचीच असते, आणि ते आकडे तिच्या कडेवर उघडे असतात, ज्याने बघितले त्याच्याकडे किल्ली आली असंच समजायचं. काही किल्ल्यांच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो, बऱ्याच वेळा त्या नंबरावरूनसुद्धा डुप्लिकेट काढता येते, त्यामुळे तो नंबर कुठेतरी लिहून ठेव आणि किल्लीवरून घासून टाक.

दुसरं काम म्हणजे सिलिंडर बदलून घे. अख्खं लॉक नाही, फक्त सिलिंडर. तुमच्या हातात किल्ल्या यायच्या आधी ते घर कितीतरी महिने सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, साइटवरची माणसं यांच्यासाठी उघडत होतं, कोणावर संशय घ्यायचं काही कारण नाही, पण किती चाव्या निघाल्या हे आज कोणीच सांगू शकणार नाही. दार उघडून त्याच्या कडेला बघ, लॉकच्या पट्टीवर मधोमध एक स्क्रू दिसेल, मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेलं लॉक असेल तर बहुतेक वेळा तो एक स्क्रू काढला आणि किल्ली घालून जराशी फिरवली की सिलिंडर सरकून बाहेर येतो, फार मोठं काम नाहीये. नवा घेताना लांबी मोजून घे, कारण सिलिंडर बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत असला की पकडीत धरून मोडतात, आणि मोडला की दार उघडलंच. शक्य असेल तर ज्याची डुप्लिकेट सिलिंडरबरोबर मिळालेलं कार्ड दाखवल्याशिवाय निघत नाही असा घे. काम चालू असताना तू किंवा वहिनी समोर थांबा आणि पाकिटातल्या सगळ्या चाव्या मोजून ताब्यात घ्या.

आता जास्तीच्या चावीचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितोय. तू म्हणालास एक चावी मीटर बॉक्सच्या वर ठेवू, काकूंना सोयीचं पडेल. मन्या, नको रे. पायपुसणं, कुंडी, मीटर बॉक्स, दाराच्या चौकटीची वरची कड, चपलांच्या कपाटातला जुना बूट, या जागा आपल्याला सुचतात तशाच चोराला पण सुचतात, आणि त्याला शोधायला मिनिटभर पुरतं. त्यातून काकू रोज वाकून किंवा हात वर करून चावी काढणार, ते जिन्यातून येणारा जाणारा प्रत्येक जण बघणार. जागा कितीही हुशारीने निवडली तरी ती जागा कोणाला विचारत नाही की बाबा तू कोण, माणूस विचारतो. म्हणून चावी माणसाकडे ठेव. मला विचारशील तर घराच्या सुरक्षेत सगळ्यात जास्त विचार याच गोष्टीचा करायला हवा, की चावी कोणाकोणाकडे आहे, आणि लोक सगळ्यात कमी विचार याचाच करतात, भारीतलं लॉक बसवतात आणि चावी कुंडीत टाकतात.

माझ्याकडे हक्काने ठेव, पण मी लांब, रात्री काकू दाराबाहेर अडकल्या तर मी येईपर्यंत त्यांनी काय करायचं. त्यामुळे शेजारपाजारचं असं एखादं घर बघ जिथे दिवसभर कोणीतरी असतं आणि ज्यांच्याकडे येणंजाणं आहे. देताना चावीवर नाव, फ्लॅट नंबर, काहीही लिहायचं नाही, ओळखायला रंगीत टोपी लाव फक्त. मला स्वतःला आवडणारी पद्धत अशी, की चावी जाड पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं आणि फ्लॅपवर अर्धी आत अर्धी बाहेर येईल अशी सही करायची, वर चिकटपट्टी. अविश्वास म्हणून नाही, उलट त्यांच्याच भल्यासाठी, पाकीट जसंच्या तसं असलं की उद्या काही झालं तरी त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. समजावून सांगितलं तर कोणाला वाईट वाटत नाही. आणि कोणाकडे कितवी चावी आहे हे एका जागी लिहून ठेव, कामाला येणाऱ्या कोणाला दिली, पाहुण्यांना दिली, सगळं, आणि काम संपलं की आठवणीने परत माग.

छोटीला चावी द्यायची वेळ येईल तेव्हा ती दप्तरात आयडी कार्डाबरोबर नको. चावी आणि पत्ता एकाच पिशवीत असले की पिशवी हरवणं म्हणजे घरच उघडं टाकणं. तुझ्या पाकिटाचं, वहिनींच्या पर्सचं पण तेच, लायसन्सवर पत्ता असतोच. अशी पर्स गेली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी सिलिंडर बदल. नुसती चावी कुठेतरी पडली आणि पत्ता सोबत नव्हता, तर एवढी घाई नाही, पण तरी मी बदलेन.

भिंतीवर बसवायची नंबरवाली चावीची पेटी मिळते, काकूंसाठी ती वाईट नाही, पण अट अशी की ती रस्त्यावरून किंवा जिन्यातून दिसू नये, भिंतीत चांगल्या बोल्टने पक्की असावी, नंबर जन्मसाल किंवा गाडीचा नसावा आणि अधूनमधून बदलावा, कारण तीच तीच बटणं दाबून झिजतात आणि कोणते आकडे आहेत ते दिसायला लागतं. डिजिटल लॉकचं तू विचारलंस, घे खुशाल, पण त्याच्याबरोबर जी साधी इमर्जन्सी किल्ली येते तीसुद्धा जास्तीची चावीच आहे, तिला हेच सगळं लागू.

लॉकपेक्षा चौकट जास्त महत्त्वाची, हे मात्र नीट वाच. 1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामा या इंग्लिश कुलूपकाराचं ते प्रसिद्ध कुलूप उघडून दाखवलं, जे साठेक वर्षं दुकानाच्या खिडकीत 200 गिनींच्या (गिनी म्हणजे जुनं ब्रिटिश नाणं) बक्षिसासकट आव्हान म्हणून मांडलेलं होतं, आणि त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. घरफोड्या करणारा असे तास घालवत बसत नाही, तो लाथ मारतो किंवा कटावणी लावतो, आणि तेव्हा बऱ्याचदा कुलूप तसंच राहतं आणि चौकट फाटते. चौकटीला जी पातळ पट्टी असते, जिच्यात लॉकची जीभ जाते, तिचा एक स्क्रू काढून बघ. बहुतेक बोटाच्या एका पेराएवढाही नसेल, म्हणजे तुझं एवढं जाड दार चौकटीच्या वरवरच्या लाकडाने धरून ठेवलंय. तिथे जाड पट्टी आणि तीन इंची स्क्रू, भिंत विटांची असेल तर चौकटीतून आरपार भिंतीत जाणारे फास्टनर. बाहेर जाताना नुसतं दार ओढून घेऊ नका, स्प्रिंगची तिरकी जीभ प्लास्टिकच्या कार्डानेही मागे सरकते, किल्ली फिरवून चौकोनी जीभ पूर्ण बाहेर काढायची, ती इंचभर तरी आत गेली पाहिजे. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना निघतात का ते बघ. मागची बाल्कनी आणि बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी विसरू नकोस.

ग्रिल सगळीकडे लावताय ते ठीक, पण एका तरी खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप ठेवा. तिची चावी खिडकीजवळच पण बाहेरून हात घालून पोचणार नाही अशी टांगा, आणि काकूंपासून छोटीपर्यंत सगळ्यांना ती अंधारातसुद्धा सापडली पाहिजे. आग लागली आणि घर बंद पिंजरा झालं तर चोरापासून वाचवलेलं काय कामाचं. यात तडजोड करू नकोस, प्लीज.

गावाला जाताना बाहेर भलंमोठं कुलूप लटकवू नका, आतलं लॉक पुरे. दिवा टायमरवर, आणि फोटो परत आल्यावर.

राहिलं खालच्या मजल्याचं. तू म्हणालास तिथे मागच्या महिन्यात चोरी झाली, आता परत कशाला येतील. येतात रे. एकदा फोडलेलं घर आणि त्याच्या आसपासची घरं पुढचे काही आठवडे जास्त धोक्यात असतात, कारण त्यांना वाट माहीत झालेली असते. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वस्तीत 1980च्या दशकात नेमकं हेच धरून काम केलं, आधी चोरी झालेल्या घरांची दारं-कुलपं पहिल्यांदा पक्की केली, घरातले नाणं टाकून चालणारे मीटर काढले कारण चोर त्यातले पैसे न्यायचे, आणि शेजारच्या चार-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. घरफोड्या खूप कमी झाल्या. तेव्हा त्या खालच्या लोकांना जाऊन भेट, दार कसं फोडलं ते विचार, आणि एकमेकांचे नंबर घेऊन ठेवा. आणि कधी देव न करो दार उचकटलेलं दिसलं तर आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, खाली येऊन पोलिसांना फोन करायचा, हे काकूंना दोनदा सांग, त्या आधी आत जाऊन कपाट बघतील.

सिलिंडरची लांबी मोजलीस की मला कळव, निवडायला मी येतो बरोबर.

तुझा,
पश्या