यादीबाहेरची माणसं

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा वाचून काढला. फ्लूची महासाथ आली तर संस्थेने काय काय करायचं, हे सगळं तू नीट मांडलं आहेस. पण ‘जोखमीचे गट’ या मथळ्याखाली ‘ज्येष्ठ, लहान मुले, गरोदर स्त्रिया’ एवढी एकच ओळ टाकून मोकळा झालास, म्हणून हे पत्र.

ती ओळ चूक नाही रे. पण दर वेळी साथ त्याच माणसांना गाठेल असं नसतं. एरवीच्या फ्लूत म्हातारी माणसं जास्त दगावतात. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीत मात्र विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं पटापट गेली. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत साठीपुढच्यांना लागणच कमी झाली, कारण तशाच विषाणूशी त्यांची तरुणपणी गाठ पडलेली होती. ज्यांना झाली त्यांना मात्र ती जड गेली. गंभीर आजारी पडलेल्यांत तरुण बरेच होते. गरोदर बायका, दमेकरी आणि खूप लठ्ठ माणसं यांचे विशेष हाल झाले. तेव्हा तुझी यादी पेन्सिलीने लिही. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णालयात कोण भरती होतंय ते बघून ती खोडावी लागेल.

दुसरं म्हणजे, एखाद्याला जपायचं तर पुष्कळदा त्याच्या भोवतालच्यांना आधी गाठावं लागतं. म्हातारपणी लस कमी लागू पडते. जपानमध्ये १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देत. त्या काळात हिवाळ्यातले वृद्धांचे जादा मृत्यू घटले आणि १९९४ मध्ये ती मोहीम थांबल्यावर पुन्हा वाढले. यात लसीचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मला तरी तो बराच वाटतो. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू पसरवत राहतात, हे तर खरंच आहे. (म्हणून शाळा बंद करायच्या, आणि मग आईबाप कामावर गेले की तीच मुलं आजीच्या मांडीवर! हे आराखड्यात कुणीच लिहीत नाही.)

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईने गरोदरपणात घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. पण नव्या विषाणूवरची लस हाती यायला पाच-सहा महिने सहज जातात, म्हणजे पहिली लाट बहुधा लसीविनाच काढायची. तेव्हा मास्क, उघड्या खिडक्या आणि वेळेवर औषध. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून गरोदर बाईच्या बाबतीत डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत. मुलांना ताप आला तर ॲस्पिरिन बिलकुल नको, हे ठळक अक्षरांत घाल.

म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना एक आवर्जून सांग: तापाची वाट बघू नका. आजोबांना ताप नसेलही. जेवण नको म्हणतील, पडून राहतील, एकदम असंबद्ध बोलायला लागतील. तसंच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला, माणूस उठून बसला, आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा बेडका, धाप, असं झालं तर तो फ्लूवर स्वार झालेला जिवाणूंचा न्यूमोनिया असू शकतो. १९१८ चे बहुतेक मृत्यू असेच झाले.

आता माझा खरा आक्षेप. ज्यांचं हातावर पोट आहे ती माणसं तुझ्या यादीत कुठेच नाहीत. ‘आजारी असाल तर घरी थांबा’ असं तू लिहितोस, पण एक खाडा झाला की ज्याची चूल अडते तो दुखणं अंगावरच काढणार. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना लागण करू शकतो, त्यात हा खोकत कामावर! शिवाय एकच मदतनीस बाई दोन-दोन वृद्धाश्रमांत पाळ्या करते. तिला भरपगारी रजा दिलीस तर दोन्हीकडचे म्हातारे वाचतील, आणि तेही दाखल्याचा आग्रह न धरता, कारण दाखल्यासाठी ती दवाखान्याच्या रांगेत तासभर खोकत उभी राहील. वसतिगृहं, तुरुंग, मजुरांच्या खोल्या यांचंही हेच. दाटीवाटीत ‘अंतर राखा’ला काही अर्थ नाही, तिथे आजाऱ्याला वेगळी खोली कुठून काढायची ते आधी ठरव.

रजेचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, ते तुमच्या हिशेबनिसाला विचारून ठेव. आणि कंत्राटी माणसांची नावं, फोन नंबर नक्की कुणाकडे असतात तेही. दोन्ही कळलं की कळव, मग पुढचं पान आपण मिळून लिहू.

तुझा,
विनय