नावावर आधीच मत पडले असेल तर...

‘तुमचे मत होऊन गेले’ असे ऐकले की बहुतेक मतदार चडफडत घरी जातात, फार तर बाहेर येऊन व्हिडिओ करतात. जाऊ नये. आधी यादीतला अनुक्रमांक ताडून पाहावा. सारख्या नावांमुळे भलत्याच ओळीवर खूण झालेली असू शकते. तसे नसेल तर थेट केंद्राध्यक्षांना गाठावे. ओळखीबाबत त्यांचे समाधान झाले की निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ४९-पी नुसार प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा मतदारासाठीची वेगळी कागदी मतपत्रिका, मिळते. त्याआधी १७-ब नमुन्यातील यादीत सही करावी लागते.

हे मत यंत्रावर पडत नाही. मतपत्रिकेवर बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का मारून, घडी घालून ती केंद्राध्यक्षांकडेच द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, म्हणून ‘काय उपयोग?’ असे कर्मचारीही कधी कधी म्हणतात. राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ साली निकाल एका मताने लागला आणि अशाच प्रदत्त मतांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा वादात हीच पाकिटे कामाला येतात.

– एक वाचक, सातारा