बारावा फोटो

स्वराज द्वीप (हॅवलॉक), अंदमान
२ मार्च

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनला रेंज नाही, दोन वाक्यांत कॉल तुटतो, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. तब्येत उत्तम आहे. आई, जेवणाची काळजी करू नकोस. मासे आपल्यासारखेच ताजे मिळतात, फक्त आमसूल कुठे दिसत नाही.

घड्याळ इथेही आपलंच, पण सूर्य रत्नागिरीपेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो. त्यामुळे आम्हाला फोटोग्राफी शिकवणारे सर पहाटे चारलाच दार वाजवतात. पहिल्या दिवशी काळापत्थरच्या किनाऱ्यावर मी एसीतला गार कॅमेरा तसाच दमट हवेत बाहेर काढला. भिंगावर वाफ धरली. पुसली की पुन्हा धरायची. वीस मिनिटं त्यात गेली आणि तेवढ्यात पाण्यावरचा जांभळा रंग ओसरून गेला. फार हळहळले. आता रात्री एसी बंद करूनच झोपते.

राधानगरला ओहोटी लागली की हरभऱ्याएवढ्या कुर्ल्या बिळांतून वर येतात. ओली वाळू तोंडात घालायची, खाण्याजोगं तेवढं ठेवायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची. बघता बघता बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा लागतात, आई, तुझ्या रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. जरा पाऊल वाजलं की सगळ्या गुडुप! मी पालथी पडून राहिले, श्वाससुद्धा जपून घेत. बऱ्याच वेळाने एक कुर्ली माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर आली आणि कामाला लागली. तिचा फोटो मोठा करून तुला देणार आहे. तू सांगितलेले शिंपले मात्र आणता येणार नाहीत. इथून शिंपले किंवा प्रवाळ उचलून न्यायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

बाबा, आता तुमच्यासाठी. हॅवलॉकला येण्याआधी आम्ही रॉस बेटावर गेलो होतो. त्याचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचा सगळा कारभार तिथून चालायचा. १९४१चा भूकंप आणि पुढच्याच वर्षी आलेले जपानी, यानंतर ते ओसाड पडलं. आता भिंतींना झाडांच्या मुळांनी असा विळखा घातलाय की भिंत मुळांवर उभी आहे की मुळं भिंतीवर, कळत नाही. तिथे सरांनी अट घातली, सकाळभरात फक्त बारा फोटो. ऐकलं आणि मला तुमचा आगफा क्लिक-थ्री आठवला. रोलमध्ये बाराच फोटो, आणि गणपतीपुळ्याला आम्ही कितीही मागे लागलो तरी तुम्ही उन्हाकडे बघत थांबायचात. बारावा आईसाठी राखलेला असायचा. तेव्हा मला ती काटकसर वाटायची.

माझे अकरा अर्ध्या तासात संपले. बाराव्यासाठी एका खिडकीसमोर बसून राहिले. पाऊण तासाने ऊन फिरलं, मुळांच्या फटीतून एक तिरीप आत आली आणि समोरच्या भिंतीतल्या विटा एकेक करून दिसायला लागल्या. बाकीचे अकरा मी पुसून टाकले तरी चालतील.

सेल्युलर जेलमध्ये फोटो फारसे काढलेच नाहीत. सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. तात्याराव सावरकरांच्या कोठडीत उभी राहिले आणि पतितपावन मंदिराच्या ओट्यावर बसून तुम्ही सांगितलेलं आठवलं, की १९११ साली त्यांना इथे आणलं तेव्हा बाबाराव याच तुरुंगात होते आणि भावाभावांची भेट होत नव्हती. कॅमेरा पिशवीतच ठेवला.

पुढच्या थंडीत तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर इथे यायचं आहे. बाबांच्या गुडघ्यांचं मी बघून ठेवलंय. जेट्टीवर चढ-उतार थोडी आहे, पण बोटीवर घेताना हात देतात. आई, तुला बोट लागते, तर आपण समुद्र शांत असेल तेव्हाच निघू. खर्चाचा विषय काढायचा नाही.

बाबा, मी १२०चे दोन रोल मागवते आहे. माळ्यावरून क्लिक-थ्री तेवढा काढून ठेवा. स्वतः स्टुलावर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. भिंगावर बुरशी आली असेल तर पुसू नका, मी आल्यावर बघू.

तुमची,
मनू