प्रशिक्षण तळावर मेलेलेही बॉम्बर कमांडचेच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या शाखेत, नॅव्हिगेटर (विमानाचा मार्ग आखणारा) असलेल्या शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांच्यावरचा लेख वाचला. ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये असताना ज्या आर ५८६८ या चार इंजिनांच्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानातून त्यांनी मोहिमा केल्या, ते विमान आज लंडनमधील हेंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. सुखटणकरांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले होते. ही माहिती मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. परंतु त्या लेखातील दोन विधाने मला खटकली आणि ती तशीच राहू नयेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान असे की, तरुण मुले विमान चालवायला शिकली की थेट स्क्वाड्रनमध्ये दाखल होत. दुसरे असे की, बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण जर्मनीच्या आकाशात मारले गेले.

दुसऱ्या विधानातील आकडा बरोबर आहे. त्याचा अर्थ मात्र चुकला आहे. या मृतांपैकी आठ हजारांहून अधिक माणसे शत्रूच्या तोफेने किंवा लढाऊ विमानाने मारली नाहीत, तर ती उड्डाणातील आणि जमिनीवरील अपघातांत गेली. त्यांतही पाच हजारांहून अधिक जण प्रशिक्षणाच्या काळात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील शेतांत, डोंगरांवर, धावपट्टीच्या टोकाशी मेले. पहिले विधान चुकीचे असल्यामुळेच दुसऱ्याचा अर्थ चुकतो. स्क्वाड्रनच्या आधी एक मुक्काम होता, जिथे माणसांना चार इंजिनांच्या जड विमानावर रुळवून घेत, आणि त्याचे नाव होते हेवी कन्व्हर्जन युनिट.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो आणि १९६८ पर्यंत लोहगावच्या तळावर सहा नंबर स्क्वाड्रनच्या लिबरेटर विमानांवर काम केले. चार इंजिनांचे युद्धकालीन विमान म्हणजे काय प्रकरण असते, हे मला हाताने माहीत आहे. त्या गोल बांधणीच्या इंजिनात रात्रभर तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दोघा-तिघांनी पंख्याची पाती हाताने ओढून फिरवायची. मध्येच पाते घट्ट अडले की तिथेच थांबायचे, खालच्या सिलिंडरचा प्लग काढायचा आणि तेल वाहून जाऊ द्यायचे. जोर लावून पुढे रेटले तर आतला दांडा वाकतो, आणि वाकलेला दांडा जमिनीवर कळत नाही, हवेत कळतो. अशी चार इंजिने आणि त्यांच्यासमोर एकोणीस वर्षांचा मुलगा, हे चित्र मनात ठेवल्याशिवाय या युनिटांचा इतिहास समजणार नाही.

१९४२ च्या वसंत ऋतूत बॉम्बर कमांडने जड विमानातील दुसरा वैमानिक काढून टाकला, कारण दोन-दोन वैमानिक तयार करणे परवडेनासे झाले होते. त्याच्या जागी फ्लाइट इंजिनियर आला. इंजिनांचे तापमान, तेलाचा दाब आणि पेट्रोलच्या टाक्या आलटून-पालटून जोडणे ही सगळी कामे त्याची झाली. कन्व्हर्जन युनिटच्या आधीच्या टप्प्यावर, ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटमध्ये, वेलिंग्टन या दोन इंजिनांच्या विमानावर पाच जणांची टोळी तयार होत असे. वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि शेपटीतला तोफची, असे ते पाच जण. त्यांची निवडही कुणी वरून करत नसे; सगळ्यांना एका हँगरमध्ये सोडत आणि आपापसांत जमवून घ्या असे सांगत. हे पाच जण कन्व्हर्जन युनिटमध्ये आले की पाठीवरच्या बुरुजातला तोफची आणि फ्लाइट इंजिनियर त्यांना येऊन मिळत. वेल्समधील सेंट अॅथनच्या शाळेतून आलेल्या फ्लाइट इंजिनियरांपैकी अनेक जणांनी त्याआधी एकदाही नीट उड्डाण केलेले नसे. सात जणांची ती टोळी, जी पुढे तीस मोहिमा एकत्र करणार असे मानले जाई, ती जन्मत होती इथे, स्क्वाड्रनमध्ये नव्हे.

मी ज्या युनिटचा माग घेतला ते १६६१ क्रमांकाचे. आधी प्रत्येक स्क्वाड्रन आपापली माणसे मोठ्या विमानावर रुळवून घेई. ९, ४४ आणि ४९ या स्क्वाड्रनमधील अशा तुकड्या १९४२ च्या अखेरीस एकत्र करून हे युनिट उभे राहिले आणि १९४३ च्या आरंभापासून युद्ध संपेपर्यंत नॉटिंगहॅमशायरमधील न्यूआर्क गावाजवळच्या विन्थॉर्प तळावर राहिले. शेजारी विग्ज्ली येथे १६५४ आणि स्विंडरबी येथे १६६० ही त्याची भावंडे होती. नकाशावर पाहिले तर ही तिन्ही गावे एकमेकांपासून सायकलवर जाण्याच्या अंतरावर आहेत. रात्री तिन्ही तळांवरून नवशिके हवेत असत आणि दिव्यांचा वापर युद्धामुळे मर्यादित असे.

त्यांना विमाने कोणती मिळत, हे पाहिले म्हणजे अपघातांचे निम्मे कारण हाती लागते. मँचेस्टर हे विमान त्याच्या व्हल्चर इंजिनांच्या अविश्वासूपणामुळे जून १९४२ मध्ये मोहिमांवरून काढून घेतले, ते प्रशिक्षणाला आले. लँकेस्टर काही काळ मिळाली, पण १९४३ च्या अखेरीस लढणाऱ्या स्क्वाड्रननाच ती पुरेनात, म्हणून ती काढून घेतली गेली. त्याच नोव्हेंबरमध्ये जर्मनीवरील मोहिमांतून बाद झालेली स्टर्लिंग विमाने मग विन्थॉर्पला आली. स्टर्लिंगचा वैमानिक जमिनीपासून वीस फुटांच्या आसपास उंचीवर बसे, कारण चाकांचे पाय विलक्षण लांब होते. धावपट्टीवर वेग घेताना ते विमान एका बाजूला ओढत असे आणि सरळ ठेवताना जरा घाई झाली की पाय मोडून पोटावर बसत असे. पंखांतील पेट्रोलच्या टाक्या डझनाहून अधिक, आणि त्यांचे गणित त्या नव्या फ्लाइट इंजिनियरच्या डोक्यात. स्टर्लिंगवर शिकून झाले की टोळी जवळच्या सायरस्टन तळावरील लँकेस्टर फिनिशिंग स्कूलमध्ये थोडे दिवस जाई, कारण जे विमान लढाईत चालवायचे ते शिकताना मिळालेलेच नसे. देशाला सगळी चांगली विमाने आघाडीवर हवी होती, हे मला समजते. मी स्वतः सुट्या भागांच्या टंचाईत काम केलेले आहे. तरीही थकलेली विमाने सगळ्यांत कमी अनुभवाच्या हाती द्यायची, या हिशेबाची किंमत कुणी मोजली ते इतिहासात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

शिकवणारेही थकलेलेच. तीस मोहिमा पूर्ण करून जिवंत राहिलेल्याला विश्रांती म्हणून सहा महिने शिक्षकाचे काम देत. तो उजव्या हाताला बसे आणि उड्डाण चालू असताना अचानक एक इंजिन बंद करी. विद्यार्थ्याने विमान सरळ राखायचे आणि फ्लाइट इंजिनियरने बंद पडलेल्या इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला धार देऊन उभी करायची, म्हणजे हवा अडत नाही. यात चुकून चालू इंजिनाचे बटण दाबले गेले तर चाराची तीन नव्हे, दोन इंजिने उरत. हे सगळे आधी दिवसा, मग रात्री, मग दोन इंजिने बंद करून. शेवटी लांब पल्ल्याची रात्रीची उड्डाणे, ज्यांत आपल्याच शहरांवरून जाताना आपलेच सर्चलाइट त्यांचा माग काढत. हा विश्रांतीचा काळ आपल्याला मोहिमांपेक्षा धोक्याचा वाटला, असे कित्येक शिक्षकांनी पुढे सांगितले आहे आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मुलीकडे नॉटिंगहॅमला गेलो होतो तेव्हा विन्थॉर्पला जाऊन आलो. तळाच्या एका भागावर आता न्यूआर्क एअर म्युझियम आहे. व्हल्कनसारखे मोठे जेट तिथे पाहायला मिळते. स्टर्लिंग मात्र नाही, कारण जगात कुठेही एकही स्टर्लिंग अखंड उरलेले नाही. तिथून न्यूआर्कच्या दफनभूमीत गेलो. तिथे पोलिश हवाई दलाच्या जवळजवळ चारशे कबरी एका शिस्तीत आहेत आणि शेजारी राष्ट्रकुलाच्या नव्वदच्या आसपास. पांढऱ्या दगडावर वर हवाई दलाचे चिन्ह, खाली सार्जंट, त्याखाली फ्लाइट इंजिनियर किंवा एअर गनर, आणि वय. मी ती वये वाचत गेलो. वीस, बावीस, एकोणीस. तिथे काम करणाऱ्या माणसाने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जर्मनीत पाडल्या गेलेल्या विमानातील सातही जण बहुधा तिथल्याच युद्धस्मशानात शेजारी-शेजारी पुरलेले असतात. ब्रिटनमध्ये अपघात झाला तर मृताच्या घरच्यांना तो आपल्या गावी नेता येई. त्यामुळे ब्रिटिश मुलगा आईच्या गावातील चर्चच्या आवारात गेला, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा मुलगा, ज्याला नेणारे तिथे कुणी नव्हते, तो तळाजवळच्या दफनभूमीत राहिला. यॉर्कशायरमधील हॅरोगेटजवळच्या स्टोनफॉल दफनभूमीत इतके कॅनेडियन का आहेत, याचे एक कारण हेच आहे. कन्व्हर्जन युनिटमध्ये नुकतीच जमलेली सात जणांची टोळी मरणानंतर अशी पांगली. या युनिटांना ना युद्धसन्मान मिळाले, ना त्यांच्या मृतांची एका जागी रांग लागली, म्हणून पर्यटकाला आणि पत्रकाराला ती दिसत नाहीत. लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरमध्ये २०१८ पासून जी सुमारे ५८ हजार नावे पोलादी भिंतींवर कोरलेली आहेत, त्यांत प्रशिक्षणात मेलेल्यांची नावेही आहेत, आणि ते योग्यच झाले.

हा विषय मराठी वाचकाला परका आहे असेही नाही. असेच एक युनिट, १६७३ क्रमांकाचे, आजच्या कर्नाटकातील कोलारला होते. तिथे लिबरेटरवर टोळ्या तयार होत आणि त्यातील माणसे घेऊनच नोव्हेंबर १९४४ मध्ये ३५८ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, जिने पुढे ब्रह्मदेश आणि सयामच्या बाजूला गुप्त कामगिरीवरील माणसे आणि सामान उतरवले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी १९४८ मध्ये पुन्हा उडण्याजोगी केली आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगलोरला नेली. त्यांतूनच १९५१ मध्ये पुण्यात सहा नंबर स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली आणि समुद्रावर टेहळणी करू लागली. ज्या विमानाची पाती मी सकाळी ओढत असे, त्याच जातीच्या विमानावर कोलारला विशीतली मुले चार इंजिने सांभाळायला शिकली होती, हे मला नोकरीत असताना कुणी सांगितले नाही. ते निवृत्तीनंतर वाचून कळले.

तेव्हा विनंती इतकीच की, ५५,५७३ या आकड्यात प्रशिक्षणातील आणि इतर अपघातांतील मृत्यूही धरलेले आहेत, आणि स्क्वाड्रनच्या आधी हेवी कन्व्हर्जन युनिटचा टप्पा होता, अशी दुरुस्ती येत्या पुरवणीत द्यावी. न्यूआर्कच्या दफनभूमीत मी काढलेली दहा-बारा छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती उपयोगी पडणार असतील तर मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

आपला,
हवाई दलातील एक निवृत्त इंजिन फिटर
विश्रांतवाडी, पुणे