वार सुटली तरी रक्त दिसेलच असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरोदरपणात अंगावर रक्त दिसले की तडक दवाखाना गाठायचा, हे आता बहुतेक घरांत ठाऊक आहे. पण बाळंतपणाआधीच वार (गर्भाशयाला चिकटून बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) सुटू लागली, तर साधारण पाचातल्या एकीला बाहेर रक्त दिसतच नाही. ते वारेमागे साठत जाते. पोट लाकडासारखे कडक होते, दुखणे कळांसारखे येऊन-जाऊन नसते तर सलग असते, बाळाची हालचाल मंदावते. कधी नुसती कंबर धरते. अशा वेळी 'रक्त नाही ना, मग सकाळी बघू' म्हणणे जिवावर बेतते.

सोनोग्राफीवरही विसंबू नये. ताजे रक्त पडद्यावर वारेसारखेच दिसते, त्यामुळे निम्म्याहून अधिक वेळा काही सापडत नाही. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी नाही ना, एवढे मात्र ती नीट सांगते. ते कळेपर्यंत आतून तपासणी करू नये. बीपीही फसवते. आधीच बीपी वाढलेल्या बाईचे भरपूर रक्त गेल्यावर ते 120/80 भरते आणि सगळे ठीक वाटते. नाडी आणि लघवी पाहावी. तासाला 30 मिलीच्या खाली लघवी म्हणजे मूत्रपिंडे संकटात.

वार सुटली की रक्ताची गोठण्याची शक्तीही जाऊ शकते, आणि सर्वांत दुर्लक्षित राहते ती रक्त गोठण्याची तपासणी. तिला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत 2 मिली रक्त घेऊन ती मुठीत धरायची. (प्लास्टिकची नळी चालत नाही.) 4 मिनिटांनी हळूच तिरकी करून पाहायची, मग दर मिनिटाला. 7 मिनिटांत गुठळी झाली नाही, किंवा झालेली सहज फुटली, तर रक्त गोठत नाही असे धरून पुढची तयारी करायची. रुग्णाला 108 मधून पुढे पाठवताना हा निकाल, रक्तगट, नाडी आणि वेळ चिठ्ठीवर हवी. रक्ताची सोय करायला आधी फोनही हवा.

निम्म्याहून अधिक वार सुटली तर बाळ बहुधा हाती लागत नाही. बाळ गेलेले असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल, तर नैसर्गिक प्रसूतीच सुरक्षित. रक्त गोठत नसताना पोट उघडणे घातक ठरू शकते, म्हणून नातेवाइकांनी 'सिझर करून लगेच काढा' असा आग्रह धरू नये.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणूनचे) इंजेक्शन 72 तासांत द्यावे. आणि डिस्चार्ज कार्डावर 'वार सुटली होती' असे मराठीत स्पष्ट लिहावे. पुढच्या खेपेला हा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि बाई तेव्हा दुसऱ्याच दवाखान्यात असू शकते.

– एक प्रसूतितज्ज्ञ, सातारा